सुरी, विळी आणि लोहारमामांचा हिशोब : सामूहिक मागणीचा एक पाठ



इयत्ता चौथी-पाचवीला आपण नफा-तोटा, मोजमाप, कालमापन, धातू आणि गावातले व्यवसाय हे सगळं वेगवेगळ्या तासांना शिकवतो. मुलं उदाहरणं सोडवतात. पण "एका व्यापाऱ्याने २४ वस्तू अमुक रुपयांस घेतल्या" या वाक्यातला व्यापारी कोण, वस्तू कुठली आणि ती इतक्याच रुपयांना का, हे त्यांना कधी कळत नाही. म्हणून आज मी असा एक पाठ मांडते आहे, ज्यात हे सगळे विषय एकाच कामात येतात. काम अगदी साधं आहे. वर्गातल्या काही पालकांनी मिळून गावातल्या लोहाराकडून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि विळ्या हातानं घडवून घ्यायच्या, आणि त्या मागणीची वही मुलांनी ठेवायची.

सुरी ही मुलांना देण्याची वस्तू आहे का, असा प्रश्न पहिल्यांदा मनात येणारच. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. या पाठात मुलं धारेच्या वस्तूला हात लावत नाहीत. मुलं मोजतात, विचारतात, लिहितात, हिशोब करतात आणि पुठ्ठ्याचे नमुने कापतात, तेही बोथट टोकाच्या कात्रीनं. भट्टी आणि धार हे मोठ्यांचं काम. एवढी रेघ आखून घेतली की पाठ निर्धास्तपणे घेता येतो.

पाठाची उद्दिष्टे

१. लांबी, परीघ आणि कोन यांचं प्रत्यक्ष मोजमाप करता येणे.
२. वस्तूची किंमत कशाकशाची बनते हे सांगता येणे.
३. लोखंड तापवल्यावर व थंड केल्यावर त्यात काय बदल होतो हे समजणे.
४. इसार, बाकी, मुदत, पावती या शब्दांचा अर्थ कामातून कळणे.
५. हातानं काम करणाऱ्या माणसाशी मानानं बोलणे आणि दिलेला शब्द पाळणे.

शेवटचं उद्दिष्ट मूल्यमापनाच्या तक्त्यात बसत नाही. पण खरं सांगायचं तर सगळा पाठ त्याच्यासाठीच आहे.

पूर्वतयारी : आधी शब्द गोळा करा

पहिल्या दिवशी घरचा अभ्यास एकच द्यायचा. "घरात कापायच्या, चिरायच्या, किसायच्या, फोडायच्या किती वस्तू आहेत, त्यांना तुमच्या घरी काय म्हणतात, ते आजीला किंवा आईला विचारून लिहून आणा." दुसऱ्या दिवशी फळा भरून जातो. सुरी, चाकू, विळी, अडकित्ता, खवणी, किसणी, कोयती. विळीला कुठे पावशी म्हणतात, कोकणातल्या मुलाच्या आजीकडून आडाळो हा शब्द येतो. हे सगळे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहायचे. "बरोबर शब्द कोणता?" असं विचारायचं नाही. ज्या घरात जो शब्द आहे तो त्या घरात बरोबर आहे.

मग लोहारकामाचे शब्द. भट्टी, भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी, कानस. आता बऱ्याच ठिकाणी चामड्याच्या भात्याच्या जागी विजेचा पंखा आला आहे, पण त्यालाही भाताच म्हणतात. मुलांना हा बदल मजेचा वाटतो. वस्तू बदलली, शब्द टिकला.

इथेच दोन मिनिटं इतिहासाला द्यावीत. लोहार हे गावाच्या बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर शेतकऱ्याची अवजारं करायची, दुरुस्त करायची, आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचं. म्हणजे गावानं वर्षभराचं काम एकत्रच सांगून ठेवलेलं असायचं. पण त्या पद्धतीत किती काम केलं आणि किती मिळालं याचा हिशोब कारागिराच्या हातात नसे, आणि जातीमुळे काम बदलायची मुभाही नसे. आपण आज जी मागणी नोंदवतो तिच्यात दर आधी ठरतो, लिहिला जातो आणि दोघांना मान्य असतो. हा फरक मुलांना सांगितलाच पाहिजे, नाहीतर "पूर्वी सगळं किती छान होतं" एवढाच अर्थ घेतला जातो.

टप्पा १ : गरज लिहून घेणे

सामूहिक मागणी फसते ती बहुतेक वेळा इथेच. "मला पण एक सांगा" असं म्हणणारे पुष्कळ असतात, पण एक म्हणजे काय हे कुणीच सांगत नाही. म्हणून मुलांच्या गटाला एक कागद तयार करायला लावायचा. त्यावर एवढे रकाने पुरतात :

अनुक्रमांक. कुटुंब. वस्तू (सुरी की विळी). मुख्य काम काय (भाजी, मांस-मासळी, नारळ, फळं). वापरणारी व्यक्ती उजवी की डावखुरी. बसून काम करते की ओट्यापाशी उभं राहून. पात्याची लांबी. मुठीचा घेर. जुनी वस्तू दुरुस्त करायची आहे का.

यातला प्रत्येक रकाना मुलांनी घरी बोलून भरायचा असतो, आणि तिथे खरी गंमत आहे. एका मुलीनं लिहून आणलं, "आजीचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, म्हणून विळी माळ्यावर आहे. पण तिला सुरीनं चिरता येत नाही." त्यावर वर्गात चर्चा झाली आणि ओट्यावर ठेवून वापरता येईल अशी, रुंद पाटाची बुटकी विळी हवी असं ठरलं. गरज आधी आणि वस्तू नंतर, हे मला भाषणातून शिकवता आलं नसतं.

डावखुऱ्यांचा रकाना विसरू नका. काही सुऱ्यांना एकाच बाजूनं उतार देऊन धार काढलेली असते. उजव्या हाताला ती बरी पडते, डाव्या हातात काप तिरका जातो. हातानं घडवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी सारखा उतार द्यायला सांगितलं की प्रश्न मिटतो. दुकानात ही सोय मागता येत नाही. लोहारमामांकडे मागता येते.

टप्पा २ : माप आणि पुठ्ठ्याचा नमुना

"मध्यम आकाराची सुरी" हे माप नाही. प्रत्येक कुटुंबानं आपल्याला हव्या त्या पात्याचा आकार पुठ्ठ्यावर काढून कापून आणायचा. मुलं पट्टीनं लांबी आणि रुंदी मोजून त्यावरच लिहितात. भाजीसाठी साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचं पातं पुरतं, कोबी-कलिंगडासाठी १८ ते २० सेंटिमीटर लागतं, लसूण-मिरचीसाठी ८ ते १० सेंटिमीटरची छोटी सुरी बरी.

मुठीसाठी दोरा घ्यायचा. वापरणाऱ्या व्यक्तीनं लाटण्याचं टोक, झाऱ्याचा दांडा, जुन्या सुरीची मूठ असं जे हाताला सुखाचं वाटतं ते धरून पाहायचं आणि त्याभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजायचा. परीघ म्हणजे काय हे चौथीच्या मुलाला त्या दोऱ्यातून एका मिनिटात कळतं. एकाच घरात आईचं आणि आजोबांचं माप वेगळं निघतं, हेही त्याला कळतं.

सगळे पुठ्ठे आले की प्रत्येकावर मागणी वहीतला अनुक्रमांक घालायचा. हाच नंबर पुढे पात्यावर, पावतीवर आणि वाटपाच्या यादीवर. शक्य असेल तर एकसारखे आकार एकत्र करून तीन-चार नमुनेच ठेवावेत. २४ सुऱ्या २४ तऱ्हांच्या असतील तर एकत्र मागणीचा उपयोगच राहत नाही. इथे पालकांना थोडं समजवावं लागतं. "तुमचं १४ आणि त्यांचं १५ सेंटिमीटर, दोघांचं १५ करूया का?" बहुतेक जण हसून हो म्हणतात. आकार ठरावीक, पण मूठ ज्याची त्याची, हा तोडगा सगळ्यांना मानवतो.

टप्पा ३ : लोखंडाची गोष्ट

विज्ञानाचा तास इथे घ्यायचा, शक्यतो लोहारमामांना वर्गात बोलावून किंवा भट्टीपासून सुरक्षित अंतरावर मुलांना बसवून. काय पाहायचं ते आधी सांगून ठेवावं.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. ग्रिलसाठी वापरतात त्या साध्या पट्टीत कार्बन खूप कमी, साधारण पाव टक्क्यापर्यंत असतो. ती कितीही तापवून पाण्यात बुडवली तरी हवी तेवढी कडक होत नाही, म्हणून तिच्या सुरीची धार टिकत नाही. गाडीच्या कमानीच्या पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त असतो. ते पोलाद कडक करता येतं. म्हणूनच आपल्याकडचे बरेच लोहार जुन्या कमानीचे पाटे जपून ठेवतात. मुलांना भंगार वाटतो तो ढीग खरं म्हणजे मामांचं कोठार असतं.

पातं ठोकून आकाराला आलं की ते पुन्हा तापवून एकदम थंड करतात. याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, "पाणी देणे". तेलात बुडवलं तरी म्हणायचं पाणी देणंच. कमानीच्या पोलादाला तेल जास्त मानवतं, कारण पाण्यात ते फार झटकन थंड होऊन तडकू शकतं. किती तापवायचं? सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंडाला चुंबक ओढत नाही. या पोलादाला त्याच्या थोडं पुढे नेऊन बुडवायचं असतं. पिढ्यानपिढ्या हे काम डोळ्यांनी, रंगावरून केलं जातं. म्हणून तर भट्टीची जागा सावलीत, थोडी अंधारी ठेवतात. उन्हात लालीची छटा कळत नाही. मामांनी सांडशीत धरलेल्या लाल पात्याजवळ तारेला बांधलेलं चुंबक नेऊन दाखवलं तेव्हा पोरं अवाक झाली. चुंबकाला न चिकटणारं लोखंड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पाणी दिल्यावर पातं कडक होतं पण काचेसारखं ठिसूळही होतं. पडलं तर तुकडा उडतो. म्हणून ते घासून, सुमारे २०० अंशांपर्यंत पुन्हा हळूहळू गरम करतात. चकचकीत पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग आला की थांबायचं. थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. निळा रंग आला तर सुरीच्या धारेसाठी ते जास्तच मऊ झालं. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे आधी जास्त कडक करायचं आणि मग थोडं माघारी यायचं." याहून चांगली व्याख्या मला सुचली नसती.

एक सूचना मोठ्यांसाठी. कुणी हौसेनं घरची जुनी पत्रा-पट्टी "हिचीच करा" म्हणून आणून देतात. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड भट्टीत घालू नये, त्याचा धूर घातक असतो. कुठलं लोखंड घ्यायचं हे मामांवर सोडावं.

टप्पा ४ : किंमत कशाची बनते

पालकसभेत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "एवढीशी सुरी आणि साडेचारशे? बाजारात साठ रुपयांना मिळते." हे वाक्य टाळायचं नाही. तेच फळ्यावर लिहायचं आणि मुलांना हिशोब करायला लावायचा. खालचे आकडे वर्गातल्या उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही मामांना विचारून घाला.

एक सुरी एकटीच घडवली तर :
लोखंड ६० रुपये
कोळसा ४० रुपये
मुठीचं लाकूड आणि पितळी रिबिटा ५० रुपये
वीज व अवजारांची झीज १५ रुपये
मामांचे ३ तास, ताशी ८० रुपये : २४० रुपये
घण मारणाऱ्या जोडीदाराचा १ तास : ६० रुपये
एकूण ४६५ रुपये

आता २४ सुऱ्या एकत्र केल्या तर काय बदलतं? लोखंड तेवढंच लागतं. लाकूड तेवढंच लागतं. पण भट्टी एकदा पेटली की ओळीनं पाती तापतात, म्हणून कोळसा सुरीमागे ४० च्या जागी २५ रुपयांचा पुरतो. एकच काम ओळीनं केल्यानं वेळही वाचतो, ३ तासांच्या जागी अडीच तास, म्हणजे २०० रुपये. नवी बेरीज ४१० रुपये. सुरीमागे ५५ रुपये वाचले.

इथे मी मुलांना प्रश्न विचारते, "हे ५५ रुपये कुणाचे?"

वर्गात दोन तट पडतात. काही म्हणतात, मागणी आम्ही एकत्र केली म्हणून आमचे. काही म्हणतात, काम मामांनी हुशारीनं केलं म्हणून त्यांचे. दोन्ही म्हणणी खरी आहेत. आम्ही दर ४४० ठरवला. म्हणजे घेणाऱ्याचे २५ रुपये वाचले आणि मामांना सुरीमागे ३० जास्त मिळाले. २४ सुऱ्यांवर पालकांचे ६०० आणि मामांचे ७२०.

पण ते ७२० हा निव्वळ फायदा नव्हे, हेही मुलांनी शोधलं. पाणी देताना एखादं पातं तडकतंच. २४ द्यायच्या तर २६ घ्याव्या लागतात. तडकलेल्या पात्याचं लोखंड, कोळसा आणि तोवरची दीड तास मेहनत धरली तर ६० + २५ + १२० म्हणजे २०५ रुपये गेले. दोन पात्यांचे ४१०. मग उरले ३१०. दर आधी पाडून ४१० ला आणला असता तर ही तूट मामांच्या मजुरीतून गेली असती.

पालकांनाही माझं हेच सांगणं असतं. एकत्र मागणीचा फायदा म्हणजे पंचवीस जणांनी मिळून एका माणसाला घासाघीस करून वाकवणं नव्हे. सूट ही वाचलेल्या कोळशातून आणि वाचलेल्या वेळेतून यावी. कारागिराच्या ताशी मजुरीतून आली तर ती सूट नाही, ती कपात आहे.

आणि साठ रुपयांच्या सुरीचं काय? ती वाईट नाही. ती यंत्रावर हजारोंनी निघते. ज्याला ती पुरते त्यानं ती जरूर घ्यावी. कुणालाही मागणीत यायची सक्ती नको, आणि "तुमच्या आईनं का नाही घेतली?" हा प्रश्न वर्गात कुणी कुणाला विचारायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. ज्यांना नवी वस्तू परवडत नाही त्यांच्यासाठी "पातं जुनं, मूठ नवी" किंवा नुसती धार लावून घेणं हा रकाना ठेवावा. आमच्याकडे त्या रकान्यात नव्या सुऱ्यांपेक्षा जास्त नावं आली.

टप्पा ५ : इसार, वही आणि शब्द

पैसे शिक्षकानं स्वतःच्या खिशात ठेवू नयेत. पालकांतून दोघांना संयोजक नेमावं, एकानं पैसे घ्यावेत, दुसऱ्यानं वही लिहावी. मुलांचा गट त्या वहीची नक्कल ठेवतो आणि दर शनिवारी बेरीज जुळवतो. शाळेच्या खात्याशी या पैशांचा संबंध येऊ देऊ नये आणि मुख्याध्यापकांना उपक्रमाची लेखी कल्पना द्यावी.

निम्मा इसार आधी द्यावा. सुरीमागे २२०, म्हणजे २४ चे ५,२८०. यातून मामांचा मालाचा व विजेचा खर्च, सुरीमागे १५० प्रमाणे ३,६०० भागतो. उरलेल्या १,६८० मधून जोडीदाराचे १,४४० देता येतात. म्हणजे मामांना उसने काढावे लागत नाहीत. इसार निम्माच का, पाव का नाही, याचं उत्तर मुलांनी या वजाबाकीतून स्वतः काढलं.

एका साध्या कागदावर काय लिहायचं : वस्तूंची संख्या, नमुन्यांचे क्रमांक, दर, इसार, द्यायची तारीख, खराब निघाल्यास काय, आणि कुणी मागणी रद्द केल्यास काय. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या.

रद्द करण्याचा मुद्दा आम्हाला प्रत्यक्षात कामी आला. पाती ठोकून झाल्यावर एका घरानं कळवलं की त्यांना आता सुरी नको, इसार परत हवा. संयोजकांनी तो प्रश्न नाव न सांगता मुलांच्या गटापुढे ठेवला. मुलांचा पहिला निकाल कडक होता, "काही द्यायचं नाही." मग एक मुलगी म्हणाली, "त्यांना अडचण असेल तर?" बरीच चर्चा होऊन ठरलं ते असं. ती सुरी घ्यायला दुसरं कुणी तयार असेल तर इसार पूर्ण परत. नसेल तर मालाचे १५० आणि झालेल्या तासांची मजुरी मामांना जाणार, उरलं तर परत. यादीत थांबलेल्या एका मावशींनी ती सुरी घेतली आणि प्रश्न सुटला. पण मुलांचं वाक्य वहीत राहिलं, "नाही म्हणायचं असेल तर भट्टी पेटायच्या आधी म्हणावं."

कायद्याची शंकाही पालक विचारतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळलेल्या आहेत. आपण स्वयंपाकघरातल्या वस्तूच करून घेतो. शोभेचं, दुधारी, खंजिरासारखं काही कुणी मागितलं तर या मागणीत घेऊ नये. आणि विमानानं जाणाऱ्या नातेवाइकाला भेट दिली तर ती हातातल्या पिशवीत चालत नाही, एवढं आठवणीनं सांगावं.

टप्पा ६ : मुदत

२४ सुऱ्या, प्रत्येकी अडीच तास, म्हणजे ६० तास. मामा दिवसभर आपलंच काम करणार नाहीत. शेतकऱ्यांची खुरपी, विळे, कोयते येतच असतात. दिवसाला ५ तास धरले तर १२ दिवस. त्यात बाजारचा दिवस, सुट्टी, आणि वीज जाण्याचे दिवस मिळवून आम्ही तीन आठवडे लिहिले. मुलांना दिनदर्शिकेवर खुणा करायला लावा.

मागणी कधी द्यायची हेही महत्त्वाचं. पेरणीच्या आधी आणि ऊसतोड सुरू होताना लोहाराला उसंत नसते. मधल्या शांत दिवसांत, जेव्हा भट्टी थंड असते, तेव्हा अशी मागणी गेली तर तिचा खरा उपयोग होतो. "तुम्हाला काम कधी कमी असतं?" हा प्रश्न मुलांनी मामांना विचारला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं बाळांनो. सगळे विचारतात, कधी देता?"

टप्पा ७ : तपासणी आणि वाटप

वस्तू आल्या की पालकांच्या हाती थेट देऊ नका. दोन मोठी माणसं आणि मामा मिळून तपासतात, मुलं लांबून यादीवर खूण करतात. पाहायचं ते एवढंच : पातं सरळ आहे का, बारीक तडा आहे का, मूठ हलते का, रिबीट हाताला टोचते का, जाड कागद सुरकुती न पडता कापला जातो का, नंबर जुळतो का. लांबीत अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतो, हे कागदावर आधीच लिहिलेलं असावं. हातानं केलेल्या दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात. तो दोष नव्हे.

वाटप फक्त मोठ्यांकडे, शाळेच्या वेळेनंतर, धारेवर जाड पुठ्ठ्याचं म्यान घालून. मुलाच्या दप्तरातून एकही सुरी घरी जाता कामा नये. उरलेले २२० तेव्हाच घ्यायचे आणि पूर्ण रक्कम पालकांसमोर मामांच्या हाती द्यायची.

टप्पा ८ : निगा

ही सुरी स्टेनलेस नाही. स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. आपली सुरी ओली ठेवली तर गंजते. वापर झाला की धुवायची, लगेच कोरडी पुसायची, आणि काही दिवस वापरायची नसेल तर खायच्या तेलाचं बोट फिरवायचं. लिंबू, कांदा, चिंच यांनी पातं काळसर होतं, त्यात घाबरायचं काही नाही. लाल गंज मात्र लगेच घासून काढावा.

धार लावताना दगडाशी कोन साधारण १५ ते २० अंशांचा लागतो. त्यासाठी मुलांनी एक खूण शोधली. कागदाचा कोपरा ९० अंशांचा. एकदा दुमडला की ४५. पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्याहून जरासा कमी ठेवायचा. असा कागदी कोपरा प्रत्येक सुरीबरोबर घरी गेला, आणि कोनमापक न वापरता कोन घरच्या मोठ्या माणसांपर्यंत पोहोचला.

मुलांसाठी प्रश्न

१. कोळशाचा भाव दीडपट झाला तर २४ सुऱ्यांचा खर्च किती रुपयांनी वाढेल?
२. २४ ऐवजी ६ च सुऱ्यांची मागणी असती तर सूट तेवढीच मिळाली असती का? कारण सांगा.
३. सुरीचं पातं पिवळसर होईपर्यंत पुन्हा का तापवतात?
४. तुमच्या घरातल्या हातानं बनवलेल्या तीन वस्तू लिहा. त्या कुणी बनवल्या हे शोधा.
५. काम करून देणाऱ्याला कोणते तीन प्रश्न विचारावेत?

शिक्षकांसाठी दोन शब्द

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात तर कितीतरी वर्षं हातानं काम करत शिकणं चालू आहे. आपल्याला नवं काही शोधायचं नाही. आपल्या गावात जो कारागीर आहे त्याच्यापर्यंत चालत जायचं आहे. लोहार नसेल तर कुंभार, बुरूड, सुतार, शिंपी, जे असेल ते. वही हीच राहील, फक्त लोखंडाच्या जागी माती किंवा बांबू येईल.

एक काळजी मात्र घ्या. वर्गात त्या कारागिराचं मूल असू शकतं. "तुझे वडील लोहार ना, सांग बघू" असं सगळ्यांसमोर विचारू नका. आपल्या घरच्या कामाबद्दल त्याला काय वाटतं हे आपल्याला माहीत नसतं, आणि त्या कामाशी जातीचा जुना डाग लोकांनी चिकटवलेला असतो. आधी वडिलांशी बोला, मुलाला गटात हवं ते काम निवडू द्या. आमच्या वर्गातल्या त्या मुलानं हिशोबाची वही निवडली. वडिलांच्या कामाचे तास तोच लिहीत होता. पहिल्या दिवशी त्यानं तीन तास लिहिले आणि मग खोडून साडेतीन केले. मी कारण विचारलं तर म्हणाला, "बाई, कोळसा आणायला जातात तो वेळ कुणी धरतच नाही."

आम्ही तो अर्धा तास पुढच्या मागणीच्या दरात धरला आहे. पुढच्या वेळी सुरी ४८० ची असेल. पालकसभेत हा आकडा मी सांगणार नाही, तो मुलगा फळ्यावर मांडून दाखवणार आहे.

तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर तुमच्या गावचे दर, तुमच्याकडचे शब्द आणि मुलांनी काढलेले प्रश्न जरूर कळवा. मागणी वहीचा नमुना वर दिलेल्या रकान्यांवरून मुलांकडूनच आखून घ्या. छापील वहीपेक्षा ती त्यांना जास्त आपली वाटते.